लंगोटावरची रेती

अकोल्याच्या जुन्या शहरात आजही कुणी सरांचा विषय काढला, की एखादा म्हणतोच, "तोच ना थो लॅबवाला, ज्यानं लेकरू बिघडवलं?" माझं डोकं फिरतं. पूर्वी मी भांडत असे. एकदा तर मोर्णेच्या पुलावर ऑटो थांबवून ऑटोवाल्याशी भांडले होते. तो बिचारा ऐकलेलं बोलला होता. पण ऐकलेलं बोलणाऱ्यांनीच त्या माणसाचं वाटोळं केलं, त्यामुळे मला त्या ऑटोवाल्याची अजूनही दया येत नाही.

सरांची लॅब गाद्या शिवणाऱ्या चाचांच्या दुकानाच्या वर होती. खाली कापूस पिंजायचं यंत्र घरघरत असायचं आणि वर आम्ही रक्त-लघवी तपासत बसलेलो. जिना चढून येणाऱ्याच्या केसांत हमखास कापूस असायचा. सर आधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. तिथं कुणाशी तरी बिनसलं, त्यांनी राजीनामा तोंडावर फेकला आणि पन्नाशीत हा उद्योग मांडला. नातेवाईक म्हणत, प्रोफेसरकी सोडून लोकांची लघवी पाहत बसला. सर म्हणत, "पोट्ट्यांच्या उत्तरपत्रिकेपेक्षा लघवी बरी. कॉपी तं करत नाही."

मी टेक्निशियनचा कोर्स करून नुकतीच लागले होते. पहिल्या दिवशी त्यांनी एक बाटली खिडकीच्या उजेडात धरून मला विचारलं, "काय दिसून राहिलं?"

"इन्फेक्शन असेल, सर."

"दिसते काय ते विचारलं मी. वाटते काय ते सांगाले डॉक्टर बसले हायेत दवाखान्यात."

डॉक्टरांशी त्यांचं कायमचं वाकडं. लॅबवाल्यानं आकडा लिहून द्यावा आणि गप्प बसावं, अशी रीत. सर आकडा लिहीत आणि खाली लाल शाईनं मराठीत दोन ओळी खरडत. एकदा एक हमाल आला, पायाचा अंगठा टम्म सुजलेला, चप्पल हातात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'युरिक अॅसिड' लिहिलं होतं आणि त्याच्या खाली मोठ्या अक्षरात 'डाळ बंद'. ते वाचून सरांचा आवाज खाली चाचांपर्यंत गेला असेल.

"वऱ्हाडातल्या माणसाची तुरीची डाळ बंद करतो? मग हा खाईन काय, त्या डॉक्टरचं डोकं? दिवसभर पोती उचलते हा. त्याच्या ताटात डाळीशिवाय आहेच काय?" मग हमालाकडे वळून, "दारू?"

"थोडीशी घेतो, सर."

"थोडीशी म्हणजे?"

हमालानं बोटांनी दाखवलं. ते बोटांत मावण्यासारखं माप नव्हतं.

सरांनी रिपोर्टवर लिहिलं, "डॉक्टरसाहेब, याची डाळ सुरू ठेवा, रोजची देशी बंद करा. आज अंगठा पेटलेला आहे, अशा वेळी आकडा खोटा कमी येतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू." त्या डॉक्टरांनी फोन करून त्यांना काय काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. पुढे तो हमाल बरा झाला, वरण खाऊन बरा झाला, आणि डॉक्टरांनी आमच्याकडे पेशंट पाठवणं कमी केलं. बरोबर निघण्याची ही शिक्षा मी तिथं फार वेळा पाहिली.

ती वर्षं वऱ्हाडाची, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची, वाईट वर्षं होती. रोज कुठून तरी मोठ्या गाड्या यायच्या, समित्या यायच्या, कॅमेरे यायचे. सगळ्यांना एकच गोष्ट हवी असायची आणि ती घेऊन ते त्याच दिवशी परत जायचे. एक बातमीदार चुकून आमच्या जिन्यावर चढला आणि सरांना विचारू लागला की आपल्याकडे विष घेतलेल्यांचे नमुने येतात का. सर म्हणाले, "इथी जिवंत मानसं येतात. त्याइचं काही लिहितो का? नाही? मग उतर खाली, कापूस झटकून जा."

आमच्याकडे आणखी एक रिवाज होता, तो मी दुसऱ्या कुठल्याच लॅबमध्ये पाहिला नाही. खेड्यातले लोक मुंबई-नागपूरच्या दवाखान्यांचे इंग्रजी कागद घेऊन यायचे आणि सर ते वाचून द्यायचे. त्यासाठी दाराशी एक बाकडं होतं. सर कागद हातात घेत, उभे राहत आणि वरपासून खालपर्यंत वऱ्हाडीत वाचत. एक शब्द गाळत नसत. कॅन्सर असला तर कॅन्सर म्हणत. मी एकदा म्हटलं, सर, म्हाताऱ्या बाईला जरा सौम्य सांगायचं. तर म्हणाले, "कागद तिचा आहे. त्यातलं अर्धं मी माझ्यापाशी ठेवून घेऊ काय?" लोकांचा या वाचण्यावर इतका विश्वास, की सरांनी वाचल्याशिवाय गोळी न घेणारी माणसं मला माहीत आहेत.

पण लोकांनी सांगितलेलं ऐकून घेण्याच्या बाबतीत सर तेव्हा तितके काटेकोर नव्हते. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास होता, पेशंटच्या डोळ्यांवर नाही. "त्याइचं ऐकत बसलो तं दुपार होईन," म्हणायचे. सुमन पहिल्यांदा आली ती त्या काळात.

तिचं माहेर भातकुलीकडचं, दिली होती पूर्णेच्या काठच्या गावात. सासरा आठवडी बाजारांत भाजी विकायचा. चार महिन्यांचा मुलगा तापानं फणफणला म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली होती. सरांनी तपासली, पू नव्हता. काही स्फटिक दिसले, तेवढे बऱ्याच जणांत दिसतात. रिपोर्ट हातात दिला तरी सुमन उठेना. तिनं पिशवीतून धुतलेली, घडी केलेली दोन लंगोटं काढली आणि तिसरं न धुतलेलं.

"सर, हे पाहा न. लेकरू मुतलं का अशी रेती निघते."

खरोखरच कपड्यावर विटेच्या चुऱ्यासारखी तांबूस कणी होती.

"गाव कोणतं?" सरांनी विचारलं. तिनं सांगितलं.

"मंग खारं पाणी. मीठ बसते कपड्याले."

बाहेरच्यांना सांगायला हवं. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा मोठा पट्टा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, धुतलेला कपडा वाळला की पांढरा थर. त्यामुळे तिकडच्या माणसाच्या कुठल्याही दुखण्याला आमच्याकडे एकच कारण ठरलेलं. मुतखडा झाला, खारं पाणी. केस गळले, खारं पाणी. एखाद्याचं लग्न मोडलं असतं तरी लोकांनी पाण्यालाच दोष दिला असता. बाहेरच्या डॉक्टरला हे सुचलं नसतं. आम्हाला ताबडतोब सुचलं, कारण आम्ही इथलेच.

सुमन म्हणाली, "मीठ पांढरं असते, सर. हे तांबूस हाय. अन् घरात सगळ्याइचे कपडे त्याच पान्यात धुतो आमी. रेती याच्याच लंगोटाले निघते."

याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? शिकलेल्या माणसानं मांडावं तसं तिनं मांडलं होतं. आणि सर म्हणाले, "बाई, खारपाणपट्ट्यात सगळ्या रंगाचं मीठ असते." मी हसले. हेही लिहायला हवं. मी टेबलामागे उभी होते आणि हसले. तिनं लंगोटं घडी करून पिशवीत घातली आणि गेली.

ती परत आली तेव्हा मुलगा अडीच वर्षांचा होता. गोलू त्याचं नाव. मान धरत नव्हता, हातपाय आपोआप पिळवटत होते, पण डोळे तरतरीत आणि हसू असं की बघणाऱ्याला हसायला यावं. हसला की दिसायचं, खालचा ओठ अर्धा नाही. त्यानं स्वतःच चावून खाल्ला होता. दोन्ही हात जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधलेले. अकोल्यातल्या एका डॉक्टरांनी निदान केलं होतं की बाळंतपणात मेंदूला मार बसला, आणि वर आईला खडसावलं होतं की पोराला जनावरासारखं बांधतेस, लाज नाही वाटत? सासू तर तिला उघड डाकीण म्हणायची. बाधा उतरवायला महानुभावांच्या रिद्धपूरला नेऊन दहा दिवस राहून आले होते. सुमन म्हणाली, "थ्या दहा दिवसांत मले कोनी बोललं नाई. तेवढंच."

सरांनीही त्या डॉक्टरांसारखंच म्हटलं, "हात सोड त्याचे."

"नका सोडू, सर."

सरांनी स्वतः पट्टी सोडली. गोलूचा हात सुटला तसा सरळ तोंडाकडे गेला आणि ते लेकरू किंचाळायला लागलं. चावायच्या आधी. स्वतःच्याच हाताला भिऊन. "बांद! बांद!" एवढंच बोबडं ओरडत होतं. सरांनी घाईघाईनं पट्टी पुन्हा बांधली. बांधल्याबरोबर पोर शांत झालं आणि सरांकडे पाहून हसलं.

सरांनी वळून सुमनकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही आधी आल्या होत्या काय?"

"आलती. लंगोट घेऊन. तुमी मीठ म्हन्लं." तिच्या आवाजात रागबिग काही नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं.

सरांनी त्या दिवशी त्याच्या रक्तातलं युरिक अॅसिड तीनदा तपासलं. तिन्ही वेळा आकडा मोठ्या माणसाला परवडणार नाही एवढा आला. मग दोन दिवस कॉलेजातली जुनी पुस्तकं काढून बसले. तिसऱ्या दिवशी मला समजावून सांगितलं, आणि ते इतकं रागानं, जणू आजार मीच आणला होता.

"शरीराच्या हरेक पेशीत प्युरिन असते. जुनं मोडते, नवं बनते. घरात लुगडं फाटलं की फेकतो काय आपण? गोधडी शिवतो. शरीरबी जुन्या प्युरिनची गोधडी शिवते, उरल्यासुरल्याची राख होते, ती म्हणजे युरिक अॅसिड. या पोट्ट्याच्या घरी शिवणारंच कोणी नाही. एक रसायन कमी आहे त्याच्यात, जन्मापासून. सगळी फडकी चुलीत, अन् घरभर राख. ती राख त्या बाईनं मले लंगोटावर आणून दाखवली, अन् मी तिले मीठ म्हणलो!" आणि हातातलं पुस्तक भिंतीवर फेकलं.

त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्याला पत्र लिहिलं, सुमनला आणि नवऱ्याला तिकडे पाठवलं. त्याआधी चाचांना वर बोलावून गोलूचे हात दाखवले. चाचांनी कोपर वाकणार नाही अशा कापूस भरलेल्या दोन बाह्या शिवून दिल्या, वर म्हणाले, "रंग कौनसा चाहिये इसको, ये तो पूछो." गोलूनं लाल सांगितला. इतक्या डॉक्टरांनी त्या मुलाला पाहिलं होतं, पण त्याला काही विचारणारे चाचा पहिलेच.

त्यानंतर सर बदलले. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "घरी काय दिसलं? रंग सांगा. वास सांगा. कधीपासून?" लोक लाजायचे, हसायचे, म्हणायचे सर बह्याडले, येडे झाले. सर सगळं लिहून घ्यायचे आणि डॉक्टरांना पाठवायचे. डॉक्टर ते कागद फेकून द्यायचे. मला माहीत आहे, कारण एका दवाखान्याच्या केराच्या टोपलीत मी स्वतः पाहिले.

आणि मग मुंबईचा कागद आला.

तो घेऊन सुमनचा सासरा आला, तिचा नवरा आला, आणि मागे गोलूला कडेवर घेऊन सुमन. मुंबईत नवऱ्याला कुणीतरी अर्धवट सांगितलं होतं की हे आनुवंशिक आहे. तेवढं गावात पुरेसं झालं होतं. सासरा बाकड्यावर बसलासुद्धा नाही.

"सर, बाकी राहू द्या. कोनाकून आलं तेवढं वाचा. हिच्याकून असन तं हिले अन् पोट्ट्याले आजच भातकुलीच्या गाडीत बसवून देतो. पोराचं दुसरं पाहाले आमी मोकळे."

नवरा जमिनीकडे पाहत होता. सुमन सरांकडे.

मी सरांच्या मागे उभी होते, मला कागद दिसत होता. इंग्रजी मलाही येत होतं. आजाराचं नाव होतं, रक्ताचे आकडे होते, युरिक अॅसिडची गोळी कायम द्यावी असं होतं, गोळीनं मूत्रपिंड वाचतं पण चावणं थांबत नाही असंही होतं. आणि शेवटी स्वच्छ लिहिलं होतं की हा दोष आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला त्रास होत नाही, आणि तिच्या बहिणींचीही तपासणी करावी.

सर नेहमीसारखे उभे राहिले. आजाराचं नाव वाचलं. आकडे वाचले. गोळी वाचली. मग थांबले. चष्मा काढला, पुसला, लावला.

"पुढं लिवलं आहे," सर म्हणाले, "की हा आजार ना आईच्या चुकीचा, ना बापाच्या. पण चार महिन्याचा असतानी आई लेकराले घेऊन अकोल्याच्या लॅबमंधी गेली होती. तिनं खूण दाखवली होती. लॅबवाल्यानं ध्यान दिलं नाही. तेव्हाच ओळखलं असतं तं लेकराचे हे हाल झाले नसते."

"कोन्ती लॅब?" सासऱ्यानं विचारलं.

"हीच."

असं काही त्या कागदावर नव्हतं. एक अक्षर नव्हतं. चार महिन्यांचा असताना ओळखलं असतं तरी गोलूनं ओठ खाल्लाच असता, हे तर त्याच कागदात वर लिहिलं होतं आणि सरांनी ते गाळलं होतं. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा कागद अर्धा वाचला नाही, तो माझ्यासमोर धडधडीत खोटं वाचत होता. मी तोंड उघडलं. सरांनी मागे न पाहता माझ्या पायावर पाय दिला.

सासऱ्यानं टेबलावरचं काचेच्या नळ्यांचं स्टँड उचलून भिंतीवर आपटलं. मग सरांची कॉलर धरली. चाचा आवाज ऐकून धावत आले नसते तर काय झालं असतं, सांगता येत नाही. नवरा, जो आतापर्यंत जमिनीकडे पाहत होता, त्याला एकदम वाचा फुटली. तो सरांना आईवरून शिव्या देत होता आणि एका हातानं सुमनला जिन्याकडे नेत होता, जपून, काच लागू नये म्हणून. ती बायको त्याला त्या क्षणी परत मिळाली होती.

ते गेल्यावर मी म्हटलं, "सर, तुम्ही हे काय वाचलं?"

"तू काय सरकारी वकील आहेस? काच झाड."

आठ दिवसांनी बाह्यांच्या निमित्तानं सुमन चाचांकडे आली तेव्हा सरांनी तिला वर बोलावून सगळा कागद पुन्हा वाचून दाखवला, खरा. आईकडून, बहिणीची तपासणी, पुढचं लेकरू, सगळं. तिनं ऐकून घेतलं. दुसरं मूल तिनं होऊ दिलं नाही. धाकट्या बहिणीला तपासायला तिनंच नेलं, सासरी काय सांगून नेलं ते तिलाच ठाऊक.

आणि इकडे सासऱ्यानं बाजारोबाजार गोष्ट पसरवली आणि लोकांनी सरांना खाल्लं. ज्या डॉक्टरांनी 'मेंदूला मार' म्हटलं होतं, ते छाती काढून सांगू लागले, मी आधीपासून म्हणत होतो त्या लॅबचे रिपोर्ट चुकतात. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही काय ओळखलंत? त्या मुलाला वऱ्हाडात पाच जणांनी तपासलं. आजार ओळखला तो एकट्या सरांनी, आणि बिघडवणारे म्हणून नाव झालं तेही सरांचंच. बाकडं रिकामं पडलं. जे लोक सरांच्या वाचण्याशिवाय गोळी घेत नसत, ते कागद पाकिटात घालून जिन्याखालून जायचे. वर्षभरात यंत्रं विकली, मी अमरावतीला दुसरी नोकरी धरली. सर चाचांच्या दुकानात बसायचे म्हणे. तिसऱ्या वर्षी गेले. मला दोन दिवसांनी कळलं.

सुमन मला अमरावतीत भेटली ती बऱ्याच वर्षांनी. गोलूला चाकाच्या खुर्चीत घालून रक्त तपासायला आणलं होतं. तेरा-चौदा वर्षांचा झाला होता, हात बाह्यांत, बोलणं जड पण समजण्यासारखं, माझ्या सुईची टिंगल करत होता. नवरा बाहेर नंबर लावून उभा होता. मी रक्त घेतलं आणि मग मला राहवेना. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं मी तिच्यावर ओतलं. म्हटलं, सुमन, तुझं घर राहिलं म्हणून मला आनंद आहे, पण त्या माणसाचं काय झालं माहीत आहे? तुझ्यासाठी त्या माणसानं खोटं वाचलं. आयुष्यात एकदा खोटं वाचलं आणि त्यातच संपला. तू एकदा तरी गावात सांगायचं होतंस.

तिनं गोलूच्या तोंडाची लाळ पुसली. घाई न करता.

"खोटं कुठी वाचले, ताई? मी गेलती ना लंगोट घेऊन. चार महिन्याचं होतं हे. तांबूस हाय म्हन्लं, याच्याच लंगोटाले हाय म्हन्लं. तवापासून गोळी भेटली असती तं याच्या किडन्या चांगल्या असत्या. आज कायचं रक्त काढलं तुमी? किडनीचंच ना? माह्यात दोष हाय थे कागदावर होतं. त्याइनं माह्यं ऐकलं नाई, थे कोन्या कागदावर नोतं. त्याइनं थे वाचलं. सगळ्याइसमोर वाचलं. मी काय सांगाले पाह्यजे होतं गावात?"

माझ्या हातात गोलूच्या रक्ताची नळी होती, अजून कोमट.

"तुमीबी होत्या तिथी," ती म्हणाली. "हसल्या होत्या."